शुद्ध रक्ताचे थोतांड

१

सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या वर्गात काही समजुती अशा नांदत असतात की, त्या कोणी ग्रंथात मांडीत नाही, व्यासपीठावरून बोलत नाही, आणि म्हणूनच त्यांचे खंडन करण्याची आवश्यकताही कोणास भासत नाही. त्या जेवणाच्या पानावर, आगगाडीच्या डब्यात, आणि विशेषेकरून लग्नाच्या वाटाघाटींत जिवंत राहतात. भाईंदरच्या पश्चिमेस उत्तन, चौक, पाली, डोंगरी ही जी समुद्रकाठची गावे आहेत, तेथील ख्रिस्ती लोकांविषयी 'ते काय, अर्धे पोर्तुगीजच!' असे जे सहज बोलले जाते, ती अशा समजुतींपैकीच एक होय.

हे बोलणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. पुष्कळदा त्यास आपण एक ऐतिहासिक सत्य सांगत आहो असेच वाटत असते. पुरावा विचारला तर तो तीन गोष्टी पुढे करतो. आडनावे डिसोझा, परेरा, गोम्स अशी, गावात चर्च, आणि एखाद्या घरात गोरा वर्ण किंवा घारे डोळे. या तिहींवरून तो रक्ताचे अनुमान काढतो, आणि रक्तावरून लगेच स्वभावाचे. मिश्र रक्ताची माणसे अस्थिर, चैनी, ना इकडची ना तिकडची! इतके झाले की पुढची पायरी फार लांब नसते. जो अर्धा परका, त्याचा ह्या भूमीवरील हक्कही अर्धाच. २०१९ साली वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ज्यांचे आयुष्य मराठीत लिहिण्यात गेले अशा ह्या गृहस्थांच्या ख्रिस्तीपणावर बोट ठेवून आक्षेप घेणारे लोक निघालेच. ही गोष्ट फार जुनी नाही.

उलट बाजूही पाहावी. ह्याच ख्रिस्ती समाजातील काही कुटुंबांस पोर्तुगीज पूर्वजाची गोष्ट कलंक न वाटता भूषण वाटते. आणि आमच्या पांढरपेशा हिंदू कुटुंबांत तरी काय आहे? कोकणस्थांच्या घाऱ्या डोळ्यांवरून कोणी त्यांस इराणातून आणतो, कोणी ग्रीसमधून, कोणी फुटलेल्या गलबतातून. आणि हे ऐकताना त्या घरच्या मंडळींच्या मुद्रेवर फारशी नाराजी दिसत नाही. तात्पर्य, एकच घारा डोळा उत्तनात कलंक ठरतो आणि पुण्यात कुलभूषण ठरतो. ज्या पुराव्यावरून दोन परस्परविरुद्ध निकाल निघतात, त्या पुराव्याची परीक्षा करणे हे विचारी माणसाचे कर्तव्य आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. 'शुद्ध' आणि 'मिश्र' अशा माणसांच्या दोन जाती नाहीतच. मिश्र नसलेला मनुष्य आपल्या देशात नाही, आणि अन्यत्रही दाखवता यावयाचा नाही. म्हणून मिश्रतेचा कलंकही खोटा, आणि तिचा अभिमानही खोटा.

२

प्रथम इतिहास पाहू. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख तहाने पोर्तुगीजांस दिला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो त्यांच्याकडून जिंकून घेतला. चौकच्या टेकडीवरील धारावीच्या किल्ल्यासाठी त्या मोहिमेत दोन्ही पक्ष झगडले. म्हणजे पोर्तुगीज अंमल या भागात २०५ वर्षे होता. त्या काळात फ्रान्सिस्कन व जेझुइट पाद्र्यांनी येथे धर्मप्रसार केला. ज्यांनी धर्म घेतला ते लोक येथलेच कोळी, शेतकरी, भंडारी, बागाईतदार होते. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव नव्या ख्रिस्त्यास मिळे, अशी रीत होती. तेव्हा आडनावाने संबंध सिद्ध होतो तो बाप्तिस्म्याच्या विधीशी, शय्येशी नव्हे.

आडनाव हे जर रक्ताचे प्रमाणपत्र असेल, तर आमच्या फडणीस, चिटणीस, पोतनीस या मंडळींचे काय करावयाचे? त्या आडनावांतील 'नीस' हा तर फारसी 'नवीस' होय. त्यांस इराणी कोणी म्हणत नाही. बटाटा, पाव, काजू, पगार, चावी, बादली, घमेले हे शब्द पोर्तुगीजांनी आपणांस दिले. कोकणच्या ज्या हापुसाचा आपण जगभर डांगोरा पिटतो, त्याचे नावही अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आले. म्हणजे गोखले-देशपांडे यांच्या स्वयंपाकघरात दिवसभर पोर्तुगीज बोलले जाते आणि त्यांच्या रक्ताबद्दल कोणास शंका येत नाही. शंका येते ती उत्तनच्या कोळणीबद्दल. आणि ती तर पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलते, लुगडे नेसते, नि तिच्या समाजाच्या लग्नात 'उंबराचे पाणी' आणण्याचा विधी अजून होतो!

'ईस्ट इंडियन' या नावाने तर हा घोळ अधिकच वाढविला. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास ५० वर्षे झाली त्या प्रसंगी, मुंबई, साष्टी व वसई येथील ख्रिस्त्यांनी हे नाव घेतले. गोव्याहून व मंगळुराहून आलेल्या ख्रिस्त्यांपासून आपण वेगळे, येथलेच जुने रहिवासी, हे सांगणे हाच त्यातील हेतू होता. परंतु याच नावाने १८३० च्या सुमारास कलकत्त्याचे यूरेशियन, म्हणजे खरोखरच ज्यांचे बाप इंग्रज व आया हिंदी होत्या असे लोक, आपली ओळख सांगत असत; त्यांनी ब्रिटिश पार्लमेंटकडे जो अर्ज पाठविला तो 'ईस्ट इंडियनां'चा अर्ज म्हणूनच प्रसिद्ध आहे. एकच नाव एका ठिकाणी मिश्र वंशाचे, दुसऱ्या ठिकाणी एतद्देशीयत्वाचे. नावांवर किती विसंबावे हे यावरून समजेल.

पोर्तुगीज पुरुषांनी हिंदी स्त्रियांशी विवाह केलेच नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. १५१० साली गोवा घेतल्यानंतर आल्बुकर्कने तर अशा विवाहांस उत्तेजन दिले होते. वसईच्या कोटातही तशी कुटुंबे असणार. परंतु किल्ल्यातील मूठभर मानकरी आणि समुद्रकाठची शेकडो घरे यांचे प्रमाण लक्षात घ्यावे. आणि धर्मांतरानंतरही कोळ्याने कोळ्याच्याच घरी, भंडाऱ्याने भंडाऱ्याच्याच घरी सोयरीक करावी हा आपला जुना रोग ख्रिस्ती समाजातही शिल्लक राहिला, हेही ध्यानात ठेवावे. 'अर्धे पोर्तुगीज' होण्यास जे घडावे लागते, ते घडू न देण्याची तजवीज आपल्या जातिव्यवस्थेने चर्चच्या दारातूनही केलेली होती.

३

आता शास्त्राकडे वळू. 'रक्त' हा शब्दच सर्व गोंधळाचे मूळ आहे. दुधात पाणी घातले की दूध पातळ होते, पांढऱ्या रंगात काळा मिसळला की राखी होतो, तसेच आईबापांचे रक्त मुलात मिसळते आणि एकदा मिसळले की निवडता येत नाही, अशी कल्पना या शब्दामागे आहे. ही कल्पना खोटी असल्याचे ग्रेगर मेंडेल या पाद्र्याने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. त्याने पिवळ्या दाण्याच्या व हिरव्या दाण्याच्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सर्व दाणे पिवळे निघाले. पिवळट-हिरवा असा मधला रंग निघाला नाही. त्या दाण्यांपासून पुढची पिढी घेतली तेव्हा ६,०२२ दाणे पिवळे व २,००१ दाणे हिरवे मिळाले, आणि ते हिरवे दाणे आजोबांइतकेच हिरवे होते. गुण मिसळून नासत नाहीत. ते सुट्या नाण्यांसारखे एका हातातून दुसऱ्या हातात जातात. एखादे नाणे एका पिढीत पिशवीच्या तळाशी राहते आणि नातवाच्या हाती लागते. दोघा काळ्या डोळ्यांच्या आईबापांस घाऱ्या डोळ्यांचे मूल व्हावे यात फिरंग्याचा काही संबंध असावा लागत नाही. मेंडेलचा वाटाणा पुरेसा आहे.

गोऱ्या वर्णाचीही तीच गोष्ट. त्वचेचा रंग ठरविणारी जनुके अनेक आहेत. त्यांपैकी एका प्रमुख जनुकात एका अक्षराचा बदल झाला की वर्ण उजळ होतो. हा बदल यूरोपियनांत सरसकट आढळतो; आणि तोच बदल, त्याच एका मुळापासून आलेला, हिंदुस्थानातील असंख्य लोकांतही आढळतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. वास्को द गामाचे गलबत १४९८ साली कालिकतला लागण्यापूर्वी कित्येक सहस्र वर्षे तो येथे होता. तेव्हा गोरी मुलगी पाहून पोर्तुगीज पणजोबा शोधणे म्हणजे आकाशात वीज चमकलेली पाहून म्युनिसिपालिटीच्या दिव्यांचे आभार मानण्यासारखे आहे.

थोडा हिशेबही करू. प्रत्येकास आईबाप दोन, आजे-आज्या चार, त्यांचे आईबाप आठ. १७३९ पासून आजपर्यंत सुमारे दहा पिढ्या झाल्या. दहाव्या पिढीतील पूर्वज १,०२४. समजा, उत्तनच्या एखाद्या तरुणाच्या ह्या १,०२४ पूर्वजांत एक पोर्तुगीज शिपाई होता. मग त्या शिपायाचा वाटा सरासरीने हजारात एक इतका ठरतो. आणि तोही कागदावरचा. प्रत्येक पिढीत निम्मी जनुके वगळली जातात, तीही एकएकटी नसून तुकड्या-तुकड्यांनी. त्यामुळे दहाव्या पिढीतील पूर्वजांपैकी सुमारे निम्म्यांचा एकही तुकडा आपल्या अंगी उतरलेला नसतो. ज्याचे आडनाव तो तरुण लावतो, त्या पूर्वजाची एकही खूण त्याच्या पेशींत नसणे सर्वथा शक्य आहे. वीस पिढ्या मागे गेलो तर पूर्वजांची संख्या १०,४८,५७६ होते. या दहा लाखांच्या गर्दीतून एकास निवडून काढणे आणि 'आम्ही त्याचे' असे म्हणणे ही वंशावळ नव्हे. ही आवडनिवड आहे.

संकरामुळे संतती निकृष्ट होते, असे म्हणणाऱ्यांचा आवडता दृष्टांत खेचराचा. घोड्याची ६४ गुणसूत्रे, गाढवाची ६२. खेचराच्या वाट्यास ६३ येतात, त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून ते बहुधा वांझ राहते. हे खरे आहे. परंतु लिस्बनच्या मनुष्याची गुणसूत्रे ४६, उत्तनच्या मनुष्याचीही ४६, आणि वेदमूर्तींचीही ४६च. घोडा आणि गाढव हे दोन भिन्न जातींचे प्राणी होत; माणसांचे तसे भेदच नाहीत. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने हिशेब करून दाखविले की, मनुष्यमात्रात जे काही आनुवंशिक वैचित्र्य आहे त्याचा शेकडा ८५ भाग कोणत्याही एकाच लोकसमूहाच्या पोटात सापडतो. म्हणजे आपल्यात आणि आपल्या जातभाईत जे अंतर, त्याहून आपल्यात आणि परक्यात असलेले अंतर आपणांस वाटते तितके निराळे नाही.

४

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक आहे; पण एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीच संकराचे दोष सांगितले होते ना? होय, सांगितले होते. आणि ते कसे सांगितले हे पाहण्यासारखे आहे.

ऑयगेन फिशर हा जर्मन शास्त्रज्ञ १९०८ साली नैऋत्य आफ्रिकेत रेहोबोथ येथे गेला. यूरोपीय पुरुष व आफ्रिकी स्त्रिया यांच्यापासून झालेल्या लोकांची तेथे वस्ती होती. फिशरने त्यांची डोकी, नाके, केस मोजले. हे लोक निरोगी होते, त्यांस भरपूर मुलेबाळे होती. संकराने वांझपण येते या मताचा त्याच्याच मोजमापांनी निकाल लावला. तरीसुद्धा १९१३ सालच्या ग्रंथात त्याने निष्कर्ष असा काढला की, ज्या यूरोपीय राष्ट्राने असे रक्त आपल्यात घेतले त्याचा ऱ्हास ठरलेलाच. मोजमाप एक सांगते, शास्त्रज्ञ दुसरेच सांगतो! पुढे १९२७ साली बर्लिनमध्ये मानववंशशास्त्राची प्रसिद्ध संस्था निघाली, तिचा तो प्रमुख झाला. १९३५ साली न्यूरेंबर्गचे कायदे झाले; आणि १९३७ साली ऱ्हाइनकाठच्या जर्मन आयांच्या व आफ्रिकी सैनिकांच्या शेकडो मुलांस सक्तीने निर्बीज करण्यात आले. त्या मुलांविषयी अभिप्राय देणाऱ्यांत फिशर होता. अमेरिकेत चार्ल्स डॅव्हनपोर्टने १९२९ साली जमैकाच्या लोकांवर ग्रंथ लिहिला आणि मिश्र संततीस एका वंशाचे लांब पाय व दुसऱ्याचे आखूड हात मिळतात अशी भीती घातली. कॅसल या शास्त्रज्ञाने लगेच दाखवून दिले की, त्या ग्रंथातील कोष्टकांत जे अंतर आहे ते इतके क्षुल्लक आहे की त्याने कोणाचेच काही अडावयाचे नाही.

ह्याच फिशरच्या हाताखाली, १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, एक मराठी स्त्री संशोधन करीत होती, ही गोष्ट आपल्याकडे जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही. इरावती कर्वे यांस विषय मिळाला होता मनुष्याच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा. आणि यूरोपियनांच्या कवट्या इतरांहून वेगळ्या ठराव्यात ही गुरूची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी यूरोपातील कवट्या मोजल्या, आफ्रिकेतून आणलेल्याही मोजल्या, आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहिले. परदेशात, परभाषेत, गुरूच्या संस्थेत बसून गुरूस न रुचणारा आकडा लिहून ठेवणे यास जे धैर्य लागते, ते रणांगणावरील धैर्याहून कमी प्रतीचे आम्ही मानीत नाही. पुढे १९६८ साली त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. या सर्व पोटजाती एकाच मूळ वृक्षाच्या फांद्या असाव्यात, हे गृहीतच त्या तुलनेने डळमळीत केले.

आणि आपल्या देशात सर हर्बर्ट रिस्ले यांनी काय केले? १९०१ च्या खानेसुमारीचे हे प्रमुख. नाकाची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणावरून जातीची सामाजिक पायरी ठरते असा त्यांचा सिद्धांत. आणि आपण मराठी लोक त्यांच्या मते शक व द्रविड यांचे मिश्रण. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली रिस्ले यांचेच आकडे तपासून हा सिद्धांत प्रांतोप्रांती टिकत नाही हे दाखविले. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी तर १९११ सालीच हिंदू समाजात परकीय रक्त कोठे कोठे शिरले आहे याचा मोठा निबंध लिहिला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिभेदाचे निर्मूलन' या आपल्या इंग्रजी निबंधात त्याचा आधार घेऊन विचारले की, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एक असतील, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा अंत्यज वंशाने एक असतील, तर जातीने रक्षण कोणत्या वंशाचे केले? ह्या प्रश्नास समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

५

त्या वेळी ह्या मंडळींजवळ फूटपट्टी आणि तर्क एवढीच साधने होती. आता प्रत्यक्ष जनुकेच वाचता येतात. आणि वाचली तेव्हा तर्क खरा ठरला. २०१३ साली मूरजानी, थंगराज, राइख इत्यादी संशोधकांनी भारतातील ७३ लोकसमूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशात दूरदूरच्या लोकांचे परस्परांत सरसहा मिश्रण होत होते. ते इतके सर्वव्यापी होते की भिल्लांसारखे एकाकी मानले गेलेले समाजही त्यातून सुटले नाहीत. त्यानंतर दारे बंद झाली आणि जातीतल्या जातीतच विवाह होऊ लागले. म्हणजे ज्यास आपण सनातन शुद्धता म्हणतो, ती मिश्रण झाल्यानंतर लावलेली कडी आहे. खिचडी शिजल्यावर तिचे वेगवेगळ्या वाडग्यांत वाटप केले, आणि प्रत्येक वाडगा आता म्हणतो की मी शुद्ध तांदूळ!

पश्चिम किनाऱ्यावरची दोन उदाहरणे विशेष बोधप्रद आहेत. पहिले बेने इस्रायल लोकांचे. कुलाब्याच्या किनाऱ्यावर, नवगाव येथे गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्यांस 'शनवार तेली' म्हटले. ह्या समाजातही 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते. ज्यांच्या वंशात बाहेरची स्त्री आली ते काळे, आणि गोरे त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. २०१६ साली त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यपूर्वेतील यहुद्यांशी त्यांचे नाते खरे निघाले. परंपरा सर्वथा खोटी नव्हती. पण त्याचबरोबर भारतीय पूर्वजांचा वाटाही मोठा निघाला, आणि तो विशेषेकरून मातृपक्षाकडून आलेला. हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे. म्हणजे ज्या अपराधाबद्दल गोऱ्यांनी काळ्यांस पंक्तीबाहेर बसविले, तो त्यांच्या समाजाच्या घडणीतच होता. पुढे हीच मंडळी इस्रायलला गेली तेव्हा १९६२ च्या सुमारास तेथील धर्मगुरूंनी विवाहापूर्वी त्यांच्या आज्यांची चौकशी आरंभिली, आणि १९६४ साली मोठे आंदोलन झाल्यावरच त्यांस पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. रेवदंड्यास जो न्याय गोऱ्याने काळ्यास दिला, तोच जेरुसलेमात त्याच्या वाट्यास आला.

दुसरे उदाहरण पारशांचे. १९०८ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात पारशी कोणास म्हणावे याचा प्रसिद्ध खटला झाला. पारशी पित्याची मुले पारशी. पण परजातीची पत्नी मात्र नव्हे, असा त्यातील विचाराचा रोख होता. आता भाईंदरहून त्याच पश्चिम रेल्वेने उत्तरेस गेले की संजाण लागते. इराणातून आलेल्या पारशांचे ते पहिले ठाणे. तेथील प्राचीन अस्थींची परीक्षा २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्या अस्थींतील मातृवंशाच्या खुणांपैकी जवळजवळ निम्म्या भारतीय निघाल्या. ज्या 'परजातीच्या' स्त्रीस कायद्याने उंबऱ्याबाहेर ठेवले, तिच्यासारख्याच स्त्रिया त्या समाजाच्या आद्य माता होत्या.

आणि पोर्तुगीज अंमलाखाली राहिलेले ख्रिस्ती? गोवा, कुमठा व मंगळूर येथील रोमन कॅथलिकांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे मूळ प्राधान्याने भारतीय असल्याचेच त्यातून निघाले. परंतु वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत काय झळकले? त्यांपैकी पुष्कळांचे नाते गौड सारस्वतांशी जुळते, हे! पोर्तुगीज पणजोबा गेला, तर त्याच्या आसनावर लगेच ब्राह्मण पणजोबा आणून बसविला. थोतांड मरत नाही ते असे.

६

आता दोन आक्षेपांचा विचार करून हा लेख संपवू.

पहिला आक्षेप असा की, घोड्याची जात राखावी लागते, कलमी आंबा बाठ्यातून येत नाही. मग माणसाची कुळे राखली तर काय बिघडले? बिघडते ते असे. २०१७ साली दक्षिण आशियातील २६३ लोकसमूहांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८१ समूह असे निघाले की, थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याची व आपापसांतच विवाह केल्याची खूण त्यांच्यात फिनलंडच्या लोकांहून व यूरोपातील यहुद्यांहूनही ठळक होती. आणि हे दोन समाज तर दुर्मिळ आनुवंशिक रोगांबद्दल वैद्यकात प्रसिद्ध आहेत. कारण उघड आहे. दोषयुक्त जनुक एकाच बाजूने आले तर बहुधा निरुपद्रवी राहते. आईबाप एकाच लहान कुंपणातील असले म्हणजे ते दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. आपले वडीलधारे ज्यास कुळाचे रक्षण म्हणतात, त्याची किंमत कधीकधी एखादे अश्राप मूल रुग्णालयाच्या खाटेवर फेडीत असते. भगवद्‌गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनास वर्णसंकराचे भय वाटले. जनुकशास्त्रास भय वाटते ते कुंपणाचे. याचा अर्थ मिश्र संतती श्रेष्ठ ठरते असा मात्र कोणी करू नये. ती इतरांसारखीच असते. आमचे म्हणणे तेवढेच आहे.

दुसरा आक्षेप सूक्ष्म आहे. आता थुंकी पाठविली की घरबसल्या टक्केवारी येते. तेव्हा कोण किती कोठला हे शास्त्रानेच ठरू द्या, असे आमचे तरुण म्हणतात. त्यांस सांगावयाचे ते हे की, ह्या टक्केवारीत तुमची तुलना आज हयात असलेल्या काही लोकांच्या नमुन्यांशी केलेली असते; नमुने बदलले की टक्के बदलतात. ती तुमच्या पणजीची मुलाखत नव्हे. आणि त्याहून महत्त्वाचे असे की, हक्क टक्क्यांवर ठरवू लागलो की आपण पुन्हा फिशरच्याच दारात जाऊन उभे राहतो. फक्त फूटपट्टीऐवजी हातात परीक्षानळी असते. उद्या एखाद्या परीक्षेत उत्तनच्या कोळ्याच्या अंगी शेकडा दहा पोर्तुगीज अंश निघाला, तर त्याचा समुद्रावरचा हक्क शेकडा दहाने कमी व्हावयाचा काय? पिढ्यान्‌पिढ्या ज्याने ह्या किनाऱ्यावर जाळी टाकली, तो येथलाच. त्यास प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. समता ही शास्त्राने दिलेली देणगी नव्हे. शास्त्राने इतकेच केले आहे की, विषमतेच्या समर्थकांनी शास्त्राच्या नावाने उभी केलेली खोटी साक्ष फेटाळून लावली आहे.

मीरा-भाईंदर हे आज ८ लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे. गुजराती, मारवाडी, उत्तर हिंदुस्थानी, कोकणी, घाटी, ख्रिस्ती, मुसलमान, जैन अशा सर्वांनी ते भरले आहे. ह्या शहरातील मुले एका बाकावर बसतात, एका गाडीतून कॉलेजात जातात, आणि यथाकाल परस्परांशी विवाहही करतील. तेव्हा त्यांच्या आईबापांच्या ओठांवर 'रक्त' हा शब्द येईल. अशा प्रसंगी त्या आईबापांनी मुलाचे शिक्षण विचारावे, चारित्र्य विचारावे, प्रकृती विचारावी, वाटल्यास पगारही विचारावा. तो शब्दही पोर्तुगीजच आहे. रक्त मात्र विचारू नये. कारण त्या प्रश्नाचे खरे उत्तर प्रत्येक घरी एकच आहे, आणि ते ऐकण्याची तयारी विचारणाऱ्याची बहुधा नसते.